कागदावरचे आईबाप

एव्हर्ट आणि हिल्के यांचा घटस्फोट अगदी सभ्यपणे झाला, असं डेव्हेंटरमधले त्यांच्या ओळखीचे सगळे सांगत. सभ्यपणे म्हणजे भांडी फुटली नाहीत. पण भांडी फोडायला दोन माणसं एका खोलीत असावी लागतात, आणि आवाज चढायच्या आतच एव्हर्ट उठून मागच्या सायकलींच्या खोलीत निघून जायचा. तिथं त्याला कायम काहीतरी दुरुस्त करायचं असे. लग्नाच्या तेरा वर्षांत त्या घरातल्या सायकली फार उत्तम चालत.

एव्हर्ट पाणी-मंडळात होता. आयसेल नदीचे बांध पायी फिरून तपासायचे, कुठे बीळ पडलंय, कुठे ओल झिरपतेय ते फॉर्मवर ठळक, सुट्या अक्षरांत लिहायचं, हे त्याचं काम. हिल्के म्हाताऱ्याकोताऱ्यांना श्रवणयंत्रं बसवून देणाऱ्या दुकानात होती. दिवसभर ती लोकांना विचारायची, “आता ऐकू येतंय? आणि आता?” घरी आल्यावरही तिचा प्रश्न तोच असायचा, फक्त घरच्या माणसाला लावायला यंत्र नव्हतं.

त्यांची मुलगी यिन्ते अकरा वर्षांची. एक आठवडा आईकडे, एक आठवडा बापाकडे. शुक्रवारी शाळा सुटली की सायकल उजवीकडे वळवायची की डावीकडे, एवढाच तिच्या लेखी फरक. निदान एव्हर्टची तशी समजूत होती.

भांडण होतं ते फोनवरून. यिन्ते बापाकडे असली की हिल्के दिवसाला तीस-तीस निरोप पाठवायची. खोकला थांबला का? पालकाची भाजी खाल्ली का? मग, वाचलंस का? मग, वाचलंयस, मला दिसतंय. एव्हर्ट संध्याकाळी बूट काढता काढता एक अंगठा पाठवायचा. तीस निरोपांना मिळून एक अंगठा. त्यावर हिल्के रडायची, आणि ती रडतेय हे ठाऊक असल्यामुळे एव्हर्ट फोन पालथा घालून ठेवायचा.

शेवटी दोघं ब्रांट्स बाईंकडे गेले. वेगळ्या झालेल्या आईबापांनी मूल मात्र मिळून कसं वाढवावं, हे शिकवण्यात बाईंची हयात गेली होती. त्यांनी दोघांना चाळीस प्रश्नांचा कागद भरायला दिला आणि पुढच्या खेपेला निकाल सांगितला.

“हिल्के, तुमचा स्वभाव धरून ठेवणाऱ्या माणसाचा. समोरचा गप्प बसला की तो आपल्याला सोडून चालला, असं तुम्हाला वाटतं. मग तुम्ही आणखी घट्ट धरता. एव्हर्ट, तुमचं उलटं. कुणी जवळ आलं की तुमचा श्वास कोंडतो, म्हणून तुम्ही मागे सरता. तुम्ही सरता म्हणून त्या धरतात, त्या धरतात म्हणून तुम्ही सरता. दोघांचाही दोष नाही. लहानपणी जे मिळालं नाही त्याची ही सवय आहे.”

दोघांनाही हे फार पटलं. बाहेर पडेपर्यंत दोघंही स्वतःचं निदान विसरले होते आणि दुसऱ्याचं त्यांना तोंडपाठ झालं होतं.

बाईंनी उपाय सांगितला तो जुन्या वळणाचा. फोन फक्त हाडबिड मोडलं तर. बाकी सगळं कागदावर. यिन्तेच्या दप्तरात एक निळी फाइल राहील. ज्याचा आठवडा संपेल त्यानं शुक्रवारी सकाळी तीत आपला कागद घालायचा, दुसऱ्यानं संध्याकाळी तो काढून आपल्याकडे ठेवायचा. लिहिताना माणूस थंड होतो, असं बाईंचं म्हणणं. हिल्केचं अक्षर तिचं तिलाच लागत नसे, म्हणून ती संगणकावर टाइप करून छापून काढणार. एव्हर्ट हातानं लिहिणार.

सप्टेंबरात सुरुवात झाली. हिल्केचा पहिला कागद म्हणजे चार कागद होते, दोन्ही बाजूंनी छापलेले. एव्हर्टनं पहिला परिच्छेद वाचला, पाणी प्याला, आणि मागे जाऊन एका धडधाकट सायकलीची साखळी बदलली. पुढच्या शुक्रवारी त्यानं उत्तर लिहिलं: ‘खोकला कमी आहे. मोजे बॅगेत आहेत.’ त्याच्या मते हा मजकूर परिपूर्ण होता. बांधाच्या अहवालात यापेक्षा जास्त लिहिलं तर साहेब ओरडत.

आणि मग, ऑक्टोबर सरता सरता, हिल्के सुधारली.

एव्हर्टचा विश्वासच बसेना. चार कागदांचा एक झाला. एकाचा अर्धा झाला. ‘गुरुवारी दाताच्या डॉक्टरकडे जायचंय, दहा वाजता. सहलीचे पैसे भरलेत. बाकी सगळं ठीक.’ टोमणा नाही, प्रश्न नाही, ‘तुला काय त्याचं’ नाही. ब्रांट्स बाईंची फी वसूल झाली, असं त्याला वाटलं. ऑफिसातल्या रूलोफला त्यानं सांगितलंसुद्धा, “माणूस बदलतो रे. वेळ द्यावा लागतो.”

“तू पण बदललास का?” रूलोफनं विचारलं.

“मला कशाला बदलायला हवं?”

पण नोव्हेंबर गेला, नदीचं पाणी चढायला लागलं, आणि एव्हर्टला एक चमत्कारिक सवय लागली. शुक्रवारी संध्याकाळी हिल्केचा कागद वाचून झाला की तो कागद उलटा करून मागे बघायचा. मागे काही नसायचं. एकदा त्यानं तो दिव्यासमोरही धरला. तिला कुणीतरी भेटलं असावं, असा त्यानं निष्कर्ष काढला. चांगलंच आहे की, असं तो मोठ्यानं म्हणाला. भात करपला.

डिसेंबरात ब्रांट्स बाईंकडे तिमाही भेट झाली. हिल्के त्याच्या समोर बसली, हिरवा स्वेटर घालून, आणि चक्क हसली.

“तुझ्या मागच्या कागदाबद्दल थँक्यू,” ती म्हणाली. “मला बरं वाटलं.”

मागच्या कागदात एव्हर्टनं ‘हातमोजा हरवला, नवा घेतला’ असं लिहिलं होतं. एका हातमोज्यानं बाईमाणसाला एवढं बरं वाटतं, हे त्याला नवीन होतं. त्यानं मान हलवली. मान हलवणं त्याला पूर्वीपासून चांगलं जमायचं.

ब्रांट्स बाई खूश झाल्या. इतक्या खूश, की मार्चमध्ये नव्यानं वेगळं होणाऱ्या आईबापांसाठी त्यांनी वाचनालयात जी सभा ठेवली होती, तिथं त्यांनी या दोघांना बोलावलं. “तुम्ही फक्त बसा,” त्या एव्हर्टला म्हणाल्या. “बोलायचं हिल्के बोलतील.” हे त्याला सोयीचं होतं.

सभेला तीसेक माणसं होती, सगळी जोडीजोडीनं आलेली आणि जोडीजोडीनं लांब लांब बसलेली. कॉफी होती, एकेक बिस्किट होतं. हिल्के उभी राहिली. तिनं पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला.

“माझे जुने यजमान फारसे बोलत नाहीत,” ती म्हणाली. लोक हसले. “तेरा वर्षं मला वाटायचं, यांच्या आत काही नाहीच. मग फाइल सुरू झाली. त्यांची हरकत नसेल तर मी एक वाचून दाखवते.”

एव्हर्टनं मान हलवली. हातमोजा असेल, त्याला वाटलं.

हिल्के वाचू लागली. “‘यिन्तेचा खोकला गेला. मी तिला मध आणि गरम दूध दिलं. तू इतके प्रश्न विचारतेस ते मला छळायला नाही, तुला भीती वाटते म्हणून, हे मला आता कळतं. मी उत्तर देत नाही ते राग म्हणून नाही. मला कळत नाही काय लिहावं, आणि मग उशीर होतो, आणि उशीर झाला की लाज वाटते. तू तिची चांगली आई आहेस. यिन्तेला तुझ्या हातचं वाटाण्याचं सूप आवडतं, माझं पातळ होतं.’”

दुसऱ्या रांगेतल्या एका बाईनं डोळे पुसले आणि आपल्या नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यानं बिस्किट खाली ठेवलं. हिल्केच्या हातातला कागद एव्हर्टला दिसत होता. ठळक, सुटी अक्षरं. त्याची अक्षरं. आणि त्यातला एकही शब्द त्यानं लिहिलेला नव्हता.

त्याचं सूप पातळ होतं हे मात्र खरं होतं.

टाळ्या पडल्या. मागून एका तरुण माणसानं हात वर केला. “मी यांना विचारू का? तुम्हाला हे लिहायला कसं जमलं? मला तर मुलीच्या आईला ‘बरं’ एवढंही लिहिता येत नाही.”

सगळ्या माना एव्हर्टकडे वळल्या. हिल्केची सुद्धा. तिच्या चेहऱ्यावर त्यानं कित्येक वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं, आणि ते आपल्यासाठी नाही हे एकट्या त्यालाच ठाऊक होतं. ‘हे मी लिहिलेलं नाही’ एवढं एक वाक्य त्याला म्हणता आलं असतं. पण फाइल जाते ती एकाच दप्तरातून. त्या वाक्यानंतर तीस माणसांसमोर कुणाचं नाव निघेल, ते त्याला कळत होतं.

“हळूहळू जमलं,” तो म्हणाला.

लोकांना हे उत्तर फार खोल वाटलं. ब्रांट्स बाईंनी ते वहीत टिपून घेतलं.

यिन्ते त्या आठवड्यात त्याच्याकडे होती. दुसऱ्या दिवशी बुधवार, शाळा अर्धा दिवस. ती पावावर चॉकलेटची दाणेदार पूड पसरत बसली होती. एव्हर्ट समोर बसला. कोट काढायचं त्याला सुचलं नाही.

“यिन्ते, माझे कागद तू लिहितेस?”

तिनं चावा घेतला, चावला, गिळला. “सगळे नाही. तू दाताबद्दल जे लिहिलं होतंस ते तसंच ठेवलं.”

“आणि ममाचे?”

“ममाचे मी लिहीत नाही. छाटते. मजकूर तिच्या संगणकावरच असतो ना. शुक्रवारी सकाळी ती अंघोळीला गेली की कमी करून पुन्हा छापते. तिला अंघोळीला वीस मिनिटं लागतात.” ती हे अशा सुरात सांगत होती, की जणू घरातलं एखादं काम तिच्या वाट्याला आलंय आणि तिनं ते कधी चुकवलेलं नाही.

“पण का गं?”

“कारण तिचे चार कागद आले की तू दोन दिवस बोलत नाहीस. माझ्याशी पण नाही. तू मागे सायकलीपाशी बसतोस. आणि तुझं ते मोज्याचं वाचलं की ती मला विचारत बसते. पपा आणखी काय म्हणाला? कसा म्हणाला? चेहरा कसा होता? झोपेपर्यंत. मग मी म्हटलं, त्यापेक्षा लिहिणं सोपं.”

एव्हर्टचं शरीर सवयीनं उठायला निघालं, मागच्या खोलीकडे. यिन्तेनं त्याच्याकडे पाहिलं. पुढे काय होणार हे माहीत असलेल्या माणसाची ती नजर होती. तिच्यात तक्रार नव्हती, आणि तेच वाईट होतं. तो पुन्हा बसला.

“ममाचे खरे कागद कुठेत?”

ती शिकत होती त्या ट्रम्पेटच्या पेटीत होते, अस्तराखाली. एकूण एकोणऐंशी पानं. एव्हर्टला ते वाचायला दोन संध्याकाळी लागल्या. पहिल्या संध्याकाळी तो चारदा उठला. मग त्याला जमायला लागलं. बांधावर नाही का, पहिला मैल कंटाळवाणा असतो, नंतर पाय आपोआप चालतात.

प्रश्न होते, टोमणे होते, एकच गोष्ट पाच-पाच तऱ्हेनं होती. पण मधेच असंही होतं: ‘मंगळवारी ट्रम्पेटच्या शिकवणीला तू सात वाजता पोचतोस. शिकवणी पावणेसातला संपते, मास्तर दार लावून जातात, ती सायकलींच्या छपराखाली एकटी उभी राहते. ती तुला सांगणार नाही. कृपा करून लवकर जा.’ हे ऑक्टोबरात होतं. नोव्हेंबरात पुन्हा होतं. एकूण अकरा वेळा होतं. आणि जानेवारीतल्या एका कागदावर शेवटी, एकच ओळ: ‘एव्हर्ट, शनिवारी आपण तिघांनी एकत्र जेवायचं का?’

तो कागद घेऊन तो यिन्तेच्या खोलीत गेला.

“याचं उत्तर काय दिलंस?”

“‘अजून नको,’ असं लिहिलं. ‘आहे हेच बरं आहे,’ असं.”

“तुला नको होतं? आम्ही एकत्र—”

“पपा,” ती समजावणीच्या सुरात म्हणाली, “तुम्ही समोरासमोर आलात की सगळं बिघडतं. कागदावर तुम्ही छान आहात.”

शुक्रवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, एव्हर्ट हिल्केच्या दारात उभा राहिला. न कळवता तो कुणाच्याही दारात कधी गेला नव्हता; त्यांच्याकडे सख्खी आईही आधी फोन करून येते.

“काय झालं? यिन्तेला काय झालं?” हिल्केनं दार उघडताच विचारलं.

“काही नाही. ती शाळेत गेलीय. मला बोलायचंय.”

“तुला?” ती म्हणाली, आणि बाजूला झाली.

स्वयंपाकघरात बसून त्यानं सगळं सांगितलं. वेडंवाकडं सांगितलं, मधूनच सुरुवात करून, पण शेवटपर्यंत सांगितलं. हिल्के गप्प झाली. बाई गप्प झाली की तिच्याकडे बघत बसायचं असतं हे एव्हर्टला माहीत नव्हतं, कारण ही वेळ आधी आली नव्हती. मिनिट गेलं, दोन गेली. आयुष्यात पहिल्यांदा शांतता त्याला सोसवेना.

“तू काहीतरी बोल ना,” तो म्हणाला.

“त्यातलं तुझं काय होतं?” तिनं अगदी हळू विचारलं. “एवढ्या सगळ्यातलं?”

त्यानं आठवून पाहिलं. “‘खोकला कमी आहे.’”

“आणि?”

“‘मोजे बॅगेत आहेत.’”

हिल्केनं तोंडावर हात धरला. ती रडतेय असं त्याला वाटलं. मग हसतेय असं वाटलं. मग दोन्ही आहे हे कळलं, आणि उठून जावंसं वाटलं तरी तो उठला नाही, कारण या घरात सायकलींची खोली कुठे आहे ते त्याला ठाऊक नव्हतं.

“सहा महिने,” ती म्हणाली, “सहा महिने मी पोरीचं वाचून झोपत होते. मी बहिणीला फोन करून सांगितलं, एव्हर्ट माणसात आला म्हणून! भर सभेत वाचलं मी ते! आणि तू बसून राहिलास? ‘हळूहळू जमलं’ म्हणालास?”

“दुसरं काय म्हणणार होतो? तिचं नाव घेऊ?”

“नाही,” हिल्के म्हणाली. मग काही वेळानं, “नाही. ते बरोबर केलंस.” तिनं डोळे पुसले. “मी भीतीनं विचारते हे तिला कुणी सांगितलं? मी नाही सांगितलं.”

“मी पण नाही. मला माहीतच नव्हतं.”

अकरा वर्षांच्या पोरीला आपण उलगडलो, आणि चाळीस-चाळीस प्रश्न सोडवून आपल्याला काही सापडलं नव्हतं, हे दोघांना पचायला वेळ लागत होता.

“तुझे सगळे वाचले मी,” एव्हर्ट म्हणाला. “एकोणऐंशी पानं.”

“सगळे? पूर्ण?”

“काही दोनदा. मंगळवारी मी लवकर जाईन.”

हिल्केनं त्याच्याकडे पाहिलं. छान वाक्यं गेली होती. त्यांच्या जागी हे एवढंसं आलं होतं, कोरडं, बांधाच्या अहवालासारखं. पण हे वाक्य त्याचंच होतं. ती उठली आणि तिनं कॉफी टाकली.

ब्रांट्स बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या आधी यिन्तेसाठी हळहळल्या आणि नंतर स्वतःसाठी, कारण निळ्या फाइलीचं तंत्र त्यांच्या नव्या माहितीपत्रकात छापून तयार होतं, एव्हर्टच्या वाक्यासकट. ते माहितीपत्रक अजूनही वाटलं जातं, असं ऐकतो. त्यानं पुष्कळांना गुण येतो, असंही ऐकतो.

फाइल बंद झाली. आता दर शुक्रवारी सहाला एव्हर्ट हिल्केकडे जातो आणि दोघं स्वयंपाकघरात पंधरा मिनिटं बोलतात. हिल्केला सात प्रश्नांची मुभा आहे. ती त्यांत जोडप्रश्न घालून चौदा करते. एव्हर्टनं प्रत्येकाला निदान एक पूर्ण वाक्य द्यायचं, असा करार आहे. पहिल्या शुक्रवारी तो घामाघूम झाला. तिसऱ्या शुक्रवारी पावसाळी जाकीट कुणी घ्यायचं यावरून दोघांची अशी जुंपली की शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली. एव्हर्टचा आवाज चढला होता. हिल्के नंतर बहिणीला म्हणाली, “बाई गं, ओरडतो म्हणजे आहे तरी तिथंच!”

मंगळवारी तो साडेसहालाच ट्रम्पेटच्या शिकवणीच्या दारात जाऊन उभा राहतो, आणि यिन्ते भडकते. “इतक्या लवकर का येतोस? सगळे काचेतून बघतात. मला मारिट म्हणाली, तुझा बाप रखवालदार आहे का!” तिचं हे असं भडकणंही नवीन आहे. पूर्वी ती कशावरच भडकत नसे, आणि ते दोघांनाही गुणी वाटायचं. परवा तिला गणितात मार्क जरा कमी पडले. ट्रम्पेट ती महिनाभर नीट वाजवत नव्हती. दार आपटायला शिकली आहे.

परवाच्या शुक्रवारी विषय होता तिच्या उन्हाळी शिबिराचा. हिल्के म्हणत होती आठ दिवस फार, एव्हर्ट म्हणत होता फार म्हणजे किती, आणि यिन्ते दोघांच्या मध्ये उभी राहून सफरचंद खात ऐकत होती. हिल्केनं काहीतरी विचारलं. एव्हर्टनं खिडकीबाहेर पाहिलं. दोघांनीही एकदमच, नकळत, यिन्तेकडे बघितलं. ती सांगेल दुसऱ्याला काय म्हणायचंय ते.

यिन्तेनं सफरचंदाचा गाभा कचऱ्यात टाकला.

“मी मारिटकडे चाललेय,” ती म्हणाली. “सात वाजता येते. तुमचं तुम्ही बोला.”

दार आपटलं. सायकलची घंटा वाजली, ती कोपऱ्यावरून लांब जाईपर्यंत ऐकू येत होती. एव्हर्टनं घसा साफ केला.

“तू काय विचारलंस?” तो म्हणाला. “पुन्हा विचार. माझं लक्ष नव्हतं.”